चार कचरापेट्या, पाच सेंट आणि एक थंडरबर्ड

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. वागळे इस्टेटला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, मशीन गार्ड, पॅनल बॉक्स, रेलिंग असली कामं. खाली शेड, वर पत्र्याचा माळा, त्या माळ्यावर दोन टेबलं, एक प्रिंटर आणि आमचे अकाउंटंट काका. तेव्हा हा रिव्ह्यू त्या नजरेने वाचा. सॉफ्टवेअर आहे थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल बघायचा प्रोग्रॅम, काम होतं मेलमधली डुप्लिकेट फोल्डरं साफ करायचं, आणि हे काम मी अंगावर का घेतलं त्याचं कारण चौदा प्लेटी भंगारात गेल्या.

झालं असं की रबाळ्याची एक जुनी पार्टी आहे, त्यांचा फोन आला की २०१९ मध्ये दिलेला तोच मशीन गार्ड परत हवाय, ड्रॉइंग तुमच्याकडे आहेच. आहेच म्हणजे आहेच, मी मेलमध्ये सर्च मारला तर एकाच सब्जेक्टचे नऊ मेल आले. नऊच्या नऊ सारखे दिसतायत, सगळे एकाच माणसाचे, सगळ्यांना पीडीएफ जोडलेली. मी म्हटलं डुप्लिकेट आहेत, आमच्याकडे सगळंच डुप्लिकेट असतं, वरचा उघडला, प्रिंट काढली, लेझर कटिंगला दिली. तो होता रिव्हिजन बी, म्हणजे ड्रॉइंगची जुनी आवृत्ती. चार दिवसांनी त्यांनी रिव्हिजन सी पाठवली होती, सब्जेक्ट तोच ठेवून. बोल्टची भोकं १२ मिलीमीटर सरकलेली. पुढचं काही सांगत नाही, पार्टी चांगली म्हणून निभावलं.

त्या रात्री शटर अर्धं खाली ओढून बसलो आणि पहिल्यांदाच मेलची डावी बाजू नीट वाचली. वाचली म्हणजे मोजलीच. पाठवलेल्या मेलची फोल्डरं पाच. सेंट, सेंट आयटम्स, सेंट मेसेजेस, सेंट मेल आणि आणखी एक सेंट जो 'ओल्ड डेटा डू नॉट डिलीट' नावाच्या फोल्डरच्या आत, त्याच्या आत 'डेस्कटॉप बॅकअप', त्याच्या आत 'इनबॉक्स', त्याच्याही आत. कचरापेट्या चार. ट्रॅश, बिन, डिलीटेड आयटम्स, डिलीटेड मेसेजेस. आमच्या अख्ख्या शेडला कचऱ्याचा डबा एकच आहे, तोही भरला की कोणी उचलत नाही ते सोडा.

हा पसारा एका दिवसात झालेला नाही. चौदा वर्षांत तीन कॉम्प्युटर बदलले आणि प्रत्येक वेळी स्टेशनकडचा एक कॉम्प्युटरवाला, नाव घेत नाही, 'सर डेटा सगळा ट्रान्सफर केलाय' म्हणून जुनं सगळं नव्याच्या पोटात टाकून गेला. पहिल्या दोन वेळा आमचं अकाउंट पॉपवर होतं. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या मशीनवर ठेवतात, आणि सर्व्हरवरही कॉपी ठेवायची असेल तर आधी कुठले उतरवले ते थंडरबर्ड 'पॉपस्टेट' नावाच्या बारीकशा फाइलमध्ये लिहून ठेवतं. आता ती फाइल नव्या मशीनवर आणलीच नाही तर थंडरबर्डला वाटतं आपण आजच जन्मलो, सगळे मेल परत उतरवतं, आणि आधी कॉपी केलेले तर बसलेलेच असतात. म्हणजे प्रत्येक मेल दोनदा. तेच पुढच्या मशीनवर परत. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, माझ्या भाच्याने सांगितलं, तो ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगला आहे आणि 'मामा, तुम्ही काही दाबू नका, आधी मला स्क्रीन दाखवा' हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे.

त्याच कॉम्प्युटरवाल्याने या वेळी 'मेल क्लीनिंग'चे साडेतीन हजार सांगितले. म्हटलं राहू दे, स्वतःच करतो. थंडरबर्ड फुकट आहे, २००४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली तेव्हापासून फुकट, मोझिला फाउंडेशनच्या छत्राखाली चालतं आणि लोकांच्या देणग्यांवर चालतं. २०२३ च्या उन्हाळ्यात ११५ नंबरच्या आवृत्तीत त्याचं तोंड बरंच बदललं, जुन्या लोकांना बटणं शोधावी लागली, आमच्या काकांना अजून लागतात.

आता मुख्य गोष्ट. मी साफसफाईला बसलो ते थेट डिलीट करायच्या तयारीने, आणि भाच्याने अडवलं. म्हणाला, मामा, यातली निम्मी फोल्डरं डबल नाहीतच, डबल दिसतायत. फोल्डरांच्या यादीच्या वर तीन टिंबं आहेत, त्यात फोल्डर मोड्स म्हणून प्रकार आहे. तिथे 'ऑल फोल्डर्स' आणि 'युनिफाइड फोल्डर्स' दोन्हींवर टिक होती, कोणी केली देव जाणे. युनिफाइड म्हणजे सगळ्या अकाउंटांचे इनबॉक्स एकत्र करून वर एक वेगळा इनबॉक्स दाखवायचा, आणि खाली परत प्रत्येक अकाउंटचा आपापला असतोच. आरशात बघून घरात दोन कपाटं आहेत म्हणायचा प्रकार. एक टिक काढली, यादी अर्धी झाली. एक मेल डिलीट न करता! मी जर त्या आधीच युनिफाइडमधले मेल 'डुप्लिकेट' समजून उडवले असते तर खरे मेल गेले असते, कारण ते तेच मेल आहेत. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहीत असतो तरी चाललं असतं.

मग उरलेल्या खऱ्या फोल्डरांकडे. पाच सेंट का? तर आमचं अकाउंट आता आयमॅपवर आहे, म्हणजे मेल सर्व्हरवर आणि सगळी यंत्रं त्याच सर्व्हरवर लिहितात. थंडरबर्ड पाठवलेला मेल 'सेंट'मध्ये टाकतं, काकांच्या मशीनवर आउटलुक आहे ते 'सेंट आयटम्स' म्हणतं, बायकोच्या आयफोनवर ऑफिसचा मेल आहे तो 'सेंट मेसेजेस' बनवतो. सामान एकच, दारावर पाट्या वेगळ्या. २०११ मध्ये आयमॅपला एक जोडनियम आला की सर्व्हरने स्वतःच सांगावं बाबा आमच्याकडचं सेंट हे, ट्रॅश हे, म्हणजे कोणी नवीन पाटी लावायला नको. पण सर्व्हरने सांगितलं तर! आमचं डोमेन ज्याच्याकडे होस्ट आहे त्याचा सर्व्हर तेव्हा तोंडच उघडायचा नाही, मग प्रत्येक यंत्राने आपल्या मनाने खोली बांधली.

इथे ठाण्यातल्या माणसाला समजेल अशी गोष्ट म्हणजे गळती. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आधी वरचं लीकेज बंद करतात, मग रंग. आपण आधी रंग काढतो आणि पुढच्या जूनमध्ये परत डाग. तसंच हे, तुम्ही 'सेंट आयटम्स' रिकामं करून उडवलंत तरी काकांनी पुढचं बिल पाठवलं की ते परत उगवणार. म्हणून आधी सेटिंग. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' आहे, तिथे पाठवलेल्याची कॉपी, ड्राफ्ट, अर्काइव्ह कुठे जाणार ते ठरवता येतं. ट्रॅशचं मात्र तिथे नाही, ते 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये, आणि स्पॅमचं जंक सेटिंग्जमध्ये. तीन गोष्टी तीन ठिकाणी, मी पहिल्यांदा अर्धा तास एकाच पानावर ट्रॅश शोधत होतो. आयफोनवर हेच अकाउंटच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'मेलबॉक्स बिहेवियर्स' म्हणून आहे, ते बायकोच्या फोनवर मी केलं तेव्हा 'माझ्या फोनला काय करताय' हे पण ऐकलं. सगळी यंत्रं एकाच 'सेंट'कडे वळवली, दोन दिवस थांबलो, बाकीच्या चारांत नवीन काही पडत नाही हे बघितलं, मगच पुढे गेलो.

जीमेलवाल्यांसाठी एक वेगळी गंमत. जीमेलची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल तर कचरापेटीचं नाव 'बिन' होतं, अमेरिकन असेल तर 'ट्रॅश', आणि हे नाव आयमॅपमधून आपल्यापर्यंत तसंच येतं. मध्येच भाषा बदललीत तर जुनं नाव धरून बसलेला प्रोग्रॅम बावचळतो.

पुढचं काम एकत्र करायचं, आणि एक तारा जातो तो इथेच. थंडरबर्डमध्ये दोन फोल्डरं एकमेकांत मर्ज करायची कमांड नाही. फोल्डर उचलून दुसऱ्यावर टाकलंत तर ते त्याच्या आत जाऊन बसतं, एकजीव होत नाही, आणि आमच्याकडची ती डब्यात डबा डब्यात डबा भानगड बऱ्याच अंशी अशीच झालेली. करायचं काय तर फोल्डर उघडा, कंट्रोल ए, राइट क्लिक, मूव्ह टु, हवं ते फोल्डर. आयमॅपवर हे हजार-दोन हजाराच्या लॉटमध्ये करा, एकदम अकरा हजार मेल हलवायला सांगितलेत तर चहा पिऊन या, मिसळ खाऊन या, मामलेदारच्या रांगेत उभं राहून खाऊन आलात तरी चाललेलंच असेल. मी दर वर्षाचं एक असं लोकल, म्हणजे आपल्याच मशीनवरचं, फोल्डर केलं, २०१२ पासून, आणि त्यात ओतत गेलो. या कामात एक रविवार गेला पण का कोण जाणे मजा आली, २०१६ मधल्या एका जिन्याच्या रेलिंगचे फोटो सापडले, ती पार्टी आता नाही.

ओतून झाल्यावर खरे डुप्लिकेट समोर आले, एकेक मेल तीन-तीनदा. त्यासाठी 'रिमूव्ह डुप्लिकेट मेसेजेस' नावाचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे थंडरबर्डला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे, थंडरबर्डच्या अ‍ॅड-ऑनच्या पानावरूनच घालता येतं, तेही फुकट. फोल्डर निवडायचं, शोध म्हणायचं, ते सारख्या मेलांचे गट करून दाखवतं, यातला कुठला ठेवायचा कुठला काढायचा ते आपण बघायचं. पण सारखा म्हणजे काय हे त्याला आपण सांगायचं असतं, आणि सगळी मेख तिथे. पाठवणारा, सब्जेक्ट, तारीख, साइझ, मजकूर, मेसेज आयडी असे निकष आहेत, हवे त्यांवर टिक करा. मी मुद्दाम प्रयोग म्हणून पाठवणारा आणि सब्जेक्ट दोनच ठेवले आणि रबाळ्याच्या पार्टीचं २०१९ चं फोल्डर दिलं. आणि बघा, रिव्हिजन बी आणि रिव्हिजन सी एकाच गटात! एक ठेव, बाकीचे काढ, असं म्हणत होतं. अंगावर काटा आला. जी चूक मी केली तीच यंत्राने केली असती, फक्त मी एका पार्टीची केली आणि याने चौदा वर्षांची एका क्लिकमध्ये केली असती.

मेसेज आयडीवर टिक केल्यावर गट बरोबर पडले. हा आयडी म्हणजे मेल पाठवताना त्यावर बसणारा शिक्का, मेल उघडून कंट्रोल यू दाबलं की वरच्या अगम्य मजकुरात दिसतो. त्याच मेलच्या कितीही कॉप्या करा, शिक्का तोच राहतो, आणि तोच सब्जेक्ट ठेवून नवीन मेल पाठवला तर शिक्का नवीन. माझे नऊ मेल निघाले चार बी आणि पाच सी. म्हणजे नऊमध्ये खरे दोनच, आणि ते दोन एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

अजून एक खड्डा आहे. आमचे काका बिल पाठवताना स्वतःला सीसीत ठेवतात, 'असू दे शेठ, पोचलं का ते कळतं'. आता त्या मेलची एक कॉपी सेंटमध्ये आणि एक इनबॉक्समध्ये, शिक्का एकच. दोन्ही फोल्डरं एकदम दिलीत तर अ‍ॅड-ऑन म्हणणार डुप्लिकेट, आणि चुकून सेंटमधली उडाली तर उद्या पार्टीवाले पाठवलंच नाही म्हणायला मोकळे. म्हणून एका वेळी एकच फोल्डर. आणि कायमचं डिलीट करण्याऐवजी ट्रॅशमध्ये टाकायचा पर्याय ठेवा, महिनाभर तरी. काकांनी बजावलं होतंच, जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावे लागतात, बिलांचे मेल उडवलेत तर नोटीस आल्यावर मला हाक मारू नका.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. ऑफिसचं छान झालं म्हणून जोर आला आणि घरच्या जीमेलवर तेच अ‍ॅड-ऑन चालवलं, सगळी फोल्डरं निवडून. जीमेलमध्ये फोल्डर नसतातच, लेबलं असतात, मेल एकच असतो आणि त्याला चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. थंडरबर्डला मात्र प्रत्येक चिठ्ठी फोल्डर म्हणून दिसते आणि वर 'ऑल मेल'मध्ये तोच मेल आणखी एकदा. मी त्यातली एक 'कॉपी' कचऱ्यात टाकली आणि मेल सगळीकडून गेला, कारण कॉपी नव्हतीच, तोच होता. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, पोराच्या अ‍ॅडमिशनचे मेल, सगळं. नशीब की जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस राहतं, ब्राउझरमधून जाऊन परत इनबॉक्सात आणलं. चूक माझी, सॉफ्टवेअरची नाही, दोघांनी मी सांगितलं तेच केलं. जीमेलवर करायचंच असेल तर सेटिंग्जमध्ये लेबल्सच्या पानावर 'शो इन आयमॅप' आहे, तिथे 'ऑल मेल'ची टिक काढा, इकडे दिसायचं बंद होतं, आणि डुप्लिकेट काढायचं अ‍ॅड-ऑन त्या अकाउंटवर फिरवूच नका.

शेवटी कॉम्पॅक्ट. एवढं सगळं उडवून डिस्क बघितली तर साइझ जवळपास तेवढीच. थंडरबर्डमध्ये साधारणपणे एक फोल्डर म्हणजे डिस्कवर एक लांबलचक फाइल, त्यात मेलामागे मेल लिहिलेले. डिलीट केलं की काकांच्या जुन्या लाल वहीसारखं होतं, ओळीवर काट मारली, ओळ पानावर तशीच. कॉम्पॅक्ट म्हटलं की ते काट मारलेल्या ओळी वगळून नवीन वही लिहून काढतं. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट आहे. आमचं ११ जीबीचं सव्वासहा झालं. एक नियम, पाऊस पडत असताना यूपीएस नसलेल्या मशीनवर हे करू नका. कॉम्पॅक्ट मध्येच तुटलं तर 'एनएसटीएमपी' नावाची अर्धवट फोल्डरं मागे उरू शकतात, आणि आपण साफसफाई करायला बसलेलो, उरली आणखी फालतू फोल्डरं. एखादं फोल्डर साफ करूनही वेडंवाकडं दिसायला लागलं, मेल आहेत पण यादीत नाहीत असं झालं, तर प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा, ते नुसती अनुक्रमणिका नव्याने बनवतं.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, बॅकअप. हेल्पमधून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण, थंडरबर्ड बंद करून ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. पेन ड्राइव्हवर टाकत असाल तर एक बघा, पेन ड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यावर जातच नाही, जागा कितीही असू दे. आमचा इनबॉक्स एकटाच साडेचारचा होता. आता मला कळतंय तो कॉम्प्युटरवाला इनबॉक्सचे तुकडे का करायचा, 'इनबॉक्स वन', 'इनबॉक्स टू', आणि ते परत जोडायचे असतात हे सोयीस्कर विसरायचा.

तर पाचपैकी चार. मर्ज कमांड नाही आणि सेटिंग तीन जागी पांगलीत म्हणून एक कापला. ज्याचं एकच अकाउंट आणि एकच फोन आहे त्याने याच्या वाटेला जायची गरज नाही, ब्राउझरमध्ये भागतं. ज्याच्याकडे दहा वर्षांची ड्रॉइंगं, पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, आणि तीन माणसं एकाच मेलवर आहेत त्याने नक्की करावं, पण तीन रविवार काढून, सलग एका रात्रीत नाही. साडेतीन हजार वाचले त्यातले पाचशे मी थंडरबर्डला देणगी म्हणून पाठवले, चौदा प्लेटींचा हिशोब केला तर तेही कमीच आहेत.

एक जोडी मात्र अजून तशीच राहिलीय. 'महत्वाचे' हे फोल्डर काकांनी केलेलं आणि 'महत्त्वाचे' हे बायकोने. ती शाळेत मराठी शिकवते. मी दोन्ही एकत्र करायला गेलो तर ती म्हणाली दोन त चं ठेवा, शुद्ध तेच आहे. काका म्हणाले वहिनी, शुद्ध तुमचं असेल, पण मेल माझ्यात जास्त आहेत. सेटलमेंट झाली की कॉम्पॅक्ट करतो.